मोरपिशी निळाई : 'किंग ऑफ जॅझ'चा जीर्णोद्धार

जॉर्ज गर्शविनची 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' ही रचना १२ फेब्रुवारी १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या इओलियन हॉलमध्ये पहिल्यांदा वाजली. वाद्यवृंद पॉल व्हाइटमनचा होता आणि पियानोवर स्वतः गर्शविन बसला होता. सहा वर्षांनी, १९३० मध्ये, हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीने याच व्हाइटमनला मध्यभागी ठेवून 'किंग ऑफ जॅझ' हा पहिल्यापासून शेवटपर्यंत रंगीत असलेला संगीतपट काढला. त्यात ही रचना असणे ओघानेच आले. अडचण एकच होती. ज्या पद्धतीने हा चित्रपट रंगीत होणार होता, त्या पद्धतीत निळा रंग उमटतच नसे.

'निळ्या'वरची रचना निळ्याशिवाय कशी दाखवायची, हा १९३० सालचा प्रश्न होता. २०१६ मध्ये या चित्रपटाचा जीर्णोद्धार पूर्ण झाला, २०१८ मध्ये त्याची ब्लू-रे तबकडी निघाली, आणि तो प्रश्न वेगळ्या रूपात पुन्हा उभा राहिला. आता संगणकाला हवा तो रंग भरता येतो. घरातल्या टीव्हीला लखलखीत निळा दाखवता येतो. मग तो पियानो आता तरी निळा करावा की करू नये? या लेखात त्या प्रश्नाचा विचार करायचा आहे. तो दिसतो तितका तांत्रिक नाही, आणि शेवटी तो आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचतो, असे मला वाटते.

मी चित्रपटाचे शिक्षण कुठल्या संस्थेत घेतलेले नाही. जुनी पुस्तके, रद्दीतली मासिके आणि मिळतील त्या चित्रफिती यांवर माझे शिक्षण झाले. 'किंग ऑफ जॅझ' मी प्रथम पाहिला तो कॉपीची कॉपी असलेल्या एका व्हिडिओ कॅसेटवर. त्यात माणसांचे चेहरे विटकरी होते आणि बाकी सगळे शेवाळी. जुना चित्रपट, रंग उडालेले असणारच, अशी मी समजूत करून घेतली. पुढे भाच्याने अमेरिकेहून तबकडी आणली तेव्हा ती आमच्याकडच्या प्लेअरवर चालेना. ब्लू-रेच्या जगात अमेरिका 'ए' विभागात आणि भारत 'सी' विभागात. सगळ्या विभागांच्या तबकड्या चालवणारा प्लेअर मिळेपर्यंत काही महिने गेले. अखेर चित्र सुरू झाले आणि कॅसेटवरचा माझा समज किती चुकीचा होता ते कळले. रंग उडालेले नव्हतेच. ते मुळात निराळे होते.

दोन रंगांचे जग

त्या काळच्या टेक्निकलरला 'दोन रंगी' म्हणतात. कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक लोलक असे. तो येणारा प्रकाश दोन वाटांनी फोडी. एका वाटेवर तांबूस गाळणी, दुसऱ्या वाटेवर हिरवट. एकाच दृश्याच्या दोन प्रतिमा एकाच कृष्णधवल निगेटिव्हवर एकाच वेळी उमटत. रंग निगेटिव्हवर नसतच. तिथे असायच्या त्या कोणत्या रंगाचा प्रकाश किती आला याच्या दोन नोंदी.

रंग यायचा तो छपाईच्या वेळी. दोन्ही नोंदींपासून जिलेटिनचे उठावाचे साचे करत. एक साचा हिरवट-निळसर रंगात बुडवायचा, दुसरा नारिंगी-तांबड्यात, आणि दोघांचे ठसे एकामागून एक कोऱ्या फिल्मवर उमटवायचे. आपल्याकडे लाकडी ठशांनी कापड छापतात, त्याच्याशी ही रीत फार जवळची आहे. दोन ठशांच्या कापडावर तिसरा रंग कुठून येणार? गोरी त्वचा, तांबडी वस्त्रे, झाडांची हिरवाई हे या पद्धतीत चांगले दिसे. शुद्ध निळा, जांभळा आणि शुद्ध पिवळा तिच्या आवाक्याबाहेर होते.

दिग्दर्शक जॉन मरी अँडरसन आणि कलादिग्दर्शक हर्मन रॉस हे दोघेही रंगभूमीवर तयार झालेले. रंगभूमीवर निळा हवा असेल तर निळा दिवा लावता येतो. इथे त्यांनी निरनिराळी कापडे आणि रंगद्रव्ये कॅमेऱ्यासमोर धरून चाचण्या घेतल्या. अखेर सगळे नेपथ्य राखाडी आणि चंदेरी ठेवायचे, आणि हिरव्याची एक अशी छटा निवडायची की ती निळ्याचा भास देईल, या निर्णयावर ते आले. त्यामागे डोळ्याचा एक धर्म आहे. तांबूस रंगाच्या शेजारी ठेवलेला राखाडी आपल्याला निळसर भासतो. पडद्यावर निळा नसतो, तो पाहणाऱ्याच्या डोळ्यात तयार होतो.

या प्रयत्नातून जो रंग आला त्याला इंग्रजीत निरनिराळी नावे दिली जातात. मराठीत त्याला शोधाशोध करावी लागत नाही. तो मोरपिशी आहे. पैठणीच्या दुकानात कोणीही तो हिरवा की निळा यावर वाद घालत नाही. प्रचंड पियानो, त्याच्या पोटातून वर येणारा सगळा वाद्यवृंद, पुढे अवाढव्य पट्ट्यांसमोर बसलेले पाच पियानोवादक, हे सारे मोरपिशी आणि चंदेरी उजेडात न्हाऊन निघते. रॉसला या चित्रपटासाठी कलादिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले.

कापाकापी आणि जुळवाजुळव

बक्षीस मिळाले, पण प्रेक्षक मिळाले नाहीत. १९३० च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या रॉक्सी थिएटरमध्ये चित्रपट लागला तेव्हा व्हाइटमनचा वाद्यवृंद आणि गर्शविन प्रत्यक्ष रंगमंचावर होते. तरीही तोवर संगीतपटांचा पूर येऊन गेला होता आणि लोक कंटाळले होते. अफाट खर्च वसूल झाला नाही. १९३३ मध्ये कंपनीने चित्रपट पुन्हा बाजारात आणला, पण सुमारे १०५ मिनिटांचा चित्रपट साधारण ६५ मिनिटांवर आणून. पहिल्या वेळी व्हाइटमनच्या संचातल्या तिघा गाणाऱ्यांपैकी एक असलेला बिंग क्रॉसबी तोवर मोठा तारा झाला होता, त्याच्या नावाचा उपयोग करून घ्यायचा होता. कात्री मूळ निगेटिव्हलाच लागली.

जीर्णोद्धार करणाऱ्यांच्या हाती आले ते असे. कापलेली निगेटिव्ह एकीकडे, आणि इकडेतिकडे टिकून राहिलेल्या जुन्या छापील रंगीत प्रती दुसरीकडे. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधली प्रत कामी आली, डेन्मार्कच्या चित्रपट संस्थेतली कामी आली. जे निगेटिव्हमध्ये होते ते तिथून घेतले, जे कापून गेले होते ते प्रतींमधून भरले. काही तुकड्यांचा आवाज उरला होता पण चित्र नव्हते, तिथे त्या काळची स्थिर छायाचित्रे वापरली. असा ९८ मिनिटांचा चित्रपट उभा राहिला. मे २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात तो दाखवला गेला. जेम्स लेटन आणि डेव्हिड पिअर्स या दोन अभ्यासकांनी याच चित्रपटावर एक जाडजूड ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध केला.

निगेटिव्ह मिळाली म्हणजे रंग मिळाले, असे इथे होत नाही. निगेटिव्हवर दोन कृष्णधवल नोंदी आहेत. संगणकात त्या एकमेकींवर बसवताना कुठल्या नोंदीला कुठली छटा द्यायची हे संगणक सांगत नाही. तो काहीही करून देईल. हिरवट छटा किंचित निळ्याकडे ढकलली तर कोणी हरकत घेणार नाही, उलट पाहणारे खूश होतील. अशा वेळी वाट दाखवते ती जुनी छापील प्रत. त्या काळी ठशाचा रंग फिल्मवर कसा बसला होता याची साक्ष तिच्यावर असते. ती साक्ष मानायची की नाही, इथे जीर्णोद्धाराची खरी परीक्षा होते. 'किंग ऑफ जॅझ'वर काम करणाऱ्यांनी ती मानली. पियानो मोरपिशीच राहिला.

तबकडीत डावे काहीच नाही असे नव्हे. निगेटिव्हवरून घेतलेले चित्र १९३० च्या कुठल्याही छापील प्रतीपेक्षा अधिक रेखीव असते. ठशांच्या छपाईत चित्र थोडे मऊ होत असे. रॉक्सीतल्या प्रेक्षकाला न दिसलेली पोशाखाची शिवण आज मला घरी दिसते. जिथे निगेटिव्ह संपते आणि छापील प्रत सुरू होते तिथे चित्राचा पोत बदलतो, आणि लक्ष देऊन पाहणाऱ्याला तो सांधा कळतो. मला तो सांधा आवडतो. कुठे काय जोडले आहे हे तो लपवत नाही.

रिमोट हातात असलेला जीर्णोद्धारक

पण घरी पाहताना आणखी एक जीर्णोद्धारक खोलीत बसलेला असतो, आणि त्याच्या हातात रिमोट असतो. आमचा टीव्ही दुकानातून आला तेव्हा त्याचे रंग भडक ठेवलेले होते, दुकानाच्या पांढऱ्या उजेडात गिऱ्हाइकाचे लक्ष जावे म्हणून. शिवाय हलत्या चित्राला गुळगुळीत करण्याची सोय आपोआप चालू होती. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे असतात, टीव्ही त्यांच्यामध्ये स्वतःच्या मनाने तयार केलेली चित्रे घुसवतो. ज्यांनी वर्षानुवर्षे खपून एकेक चौकट जुळवली, त्यांच्या कामावर आपला टीव्ही अर्ध्या सेकंदात पाणी फिरवू शकतो.

मी एकदा मुद्दाम प्रयोग केला. 'ऱ्हॅप्सडी'चा भाग लावला आणि टीव्हीच्या रंगयादीत जाऊन निळा वाढवत गेलो. पियानो हळूहळू निळा झाला. अगदी गणपतीच्या मखराला लावतात तसा निळा. क्षणभर छान वाटले. मग नर्तकी पुढे आल्या आणि त्यांचे चेहरे प्रेतासारखे दिसू लागले. मुलगा आतून आला नि म्हणाला, "बाबा, टीव्ही बिघडला का?" मी सगळे पूर्ववत केले.

या फसलेल्या प्रयोगाने मला एक गोष्ट शिकवली. दोन रंगांच्या चित्रात प्रत्येक छटा दुसरीला टेकून उभी असते. चंदेरी निळसर भासतो तो चेहऱ्यांच्या तांबूसपणामुळे, आणि चेहरे जिवंत वाटतात ते भोवतीच्या मोरपिशीमुळे. माझ्या रिमोटपेक्षा कसबी हात आणि चांगली यंत्रे असतील तर चेहरे तसेच ठेवून एकटा पियानो निळा करता येईल, हे मला ठाऊक आहे. पण मग रॉसने राखाडी आणि चंदेरी का निवडले याला काही अर्थच उरणार नाही. आईच्या हातून पांढऱ्या कपड्यांना कधी नीळ जास्त झाली तर ते पुन्हा पाण्यातून काढावे लागत. चित्रपटाला एकदा नीळ चढली आणि तीच प्रत घरोघरी गेली, की पाण्यातून कोण काढणार?

हेतूचा वाद

यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. अँडरसन आणि रॉसला निळाच हवा होता. त्यांना तो मिळाला असता तर त्यांनी आनंदाने वापरला असता. मग त्यांची इच्छा आज पूर्ण करणे हाच त्यांचा मान राखणे नव्हे काय?

मला आपल्याकडच्या देवळांचे जीर्णोद्धार आठवतात. काळ्या पाषाणाचे जुने देऊळ, आणि गावाने वर्गणी काढून त्यावर ऑइलपेंट दिलेला, गाभाऱ्यात पांढऱ्या फरशा बसवलेल्या. हे करणाऱ्यांच्या भक्तीबद्दल मला शंका नाही. देव नीटनेटक्या जागी असावा ही त्यांची इच्छा खरी असते. पण पाथरवटाने दगडात जी छिन्नी चालवली ती रंगाखाली बुजते, आणि पुढच्या पिढीला त्या देवळाचे वय सांगता येत नाही. पाथरवटाला फरशी मिळाली असती तर त्याने ती वापरली असती, हे कदाचित खरेही असेल. त्याने वापरला तो मात्र दगड.

कलावंताचा हेतू म्हणजे त्याचे स्वप्न नव्हे. समोर असलेल्या साधनांनिशी त्याने शेवटी काय ठरवले, तो त्याचा हेतू. अँडरसन आणि रॉस यांनी चाचण्या घेतल्या, अनेक छटा नाकारल्या आणि एक स्वीकारली. दोनच वर्षांनी, १९३२ मध्ये, डिस्नेच्या 'फ्लॉवर्स अँड ट्रीज' या छोट्या चित्रपटात टेक्निकलरची तीन रंगी पद्धत आली आणि पडद्याला निळा मिळाला. निळा दोन वर्षांवर उभा असताना त्याच्याशिवाय केलेले हे काम आहे. ती दोन वर्षे पुसून टाकली तर त्या कामातले काय उरले?

आणखी एक न दिसणारी गोष्ट

या चित्रपटात निळ्याखेरीज आणखी काही नाही, आणि ती उणीव रसायनांची नव्हती.

चित्रपटाच्या शेवटी एक भव्य देखावा आहे. मोठ्या कढईत निरनिराळ्या देशांचे संगीत ओतले जाते. इंग्लिश, आयरिश, स्कॉटिश, इटालियन, स्पॅनिश, रशियन असे एकेक जथे येतात, नाचतात, कढईत उतरतात. व्हाइटमन ढवळतो आणि त्यातून जॅझ बाहेर येतो. ज्या लोकांनी हे संगीत घडवले ते आफ्रिकी-अमेरिकन लोक या कढईजवळ येतच नाहीत. 'ऱ्हॅप्सडी'च्या आधी जॅझचा जन्म आफ्रिकेच्या जंगलात नगाऱ्याच्या ठेक्यावर झाला असे व्हाइटमन सांगतो, आणि मग एका प्रचंड नगाऱ्यावर नाच होतो. पण नाचणारा असतो गोरा नर्तक, अंगाला काळा रंग फासलेला. सुरुवातीला वॉल्टर लँट्झचे एक व्यंगचित्र आहे, टेक्निकलरमधले पहिले. त्यात व्हाइटमन आफ्रिकेत शिकारीला जातो, माकडाने फेकलेला नारळ डोक्यावर आदळतो, टेंगूळ येते, आणि त्या टेंगळाचाच राजमुकुट होतो. जॅझचा राजा असा ठरला.

हे पाहून आजचा प्रेक्षक अस्वस्थ होतो आणि व्हायलाच हवा. मला वाटते, निळ्याचा प्रश्न इथे येऊन खरा महत्त्वाचा ठरतो. 'त्यांना निळा हवा होता, म्हणून आपण देऊ' असे एकदा म्हटले, की 'आपल्याला हा नगारा नको, म्हणून आपण काढू' असे म्हणायला फार वेळ लागत नाही. एकात प्रेम आहे आणि दुसऱ्यात संकोच, पण दोन्ही वेळा हात तोच, कात्री तीच. १९३३ च्या कात्रीलाही बाजाराचे कारण होतेच. नगाऱ्याचा नाच आणि ती कढई स्पष्ट, स्वच्छ, चोख रंगांत दिसते म्हणूनच तिथे कोण नाही हे आपल्याला बोट ठेवून दाखवता येते. माझ्या जुन्या कॅसेटच्या शेवाळी धूसरपणात मला ते कळले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. तबकडीवर ते कळले. जीर्णोद्धाराने चित्रपटाचा मोठेपणा उजळला, तसा त्याचा खोटेपणाही उजळला, आणि मी हे त्याचे यश मानतो.

जोड द्यायचीच नाही, असे माझे म्हणणे नाही. १९२२ च्या 'द टोल ऑफ द सी' या दोन रंगी चित्रपटाचे उदाहरण घ्या. त्याचा शेवटचा भाग हरवलेला होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील अभिलेखागारात १९८५ च्या सुमारास जीर्णोद्धार झाला तेव्हा शेवटच्या समुद्रासाठी त्या लोकांनी जुना दोन रंगी टेक्निकलर कॅमेरा मिळवला आणि पॅसिफिकच्या किनाऱ्यावर नवे चित्रण केले. जोड नवी होती, पण मूळ चित्रपटाच्या मर्यादा पाळून दिलेली होती. समुद्र निळा करण्याची सोय असूनही तो दोन रंगांतच राहिला. कपड्याला कपड्याचेच ठिगळ.

आपला रंग

हे सारे दूरच्या देशातले. पण रंगाची ही धडपड आपल्याकडेही त्याच सुमारास झाली. 'प्रभात'ने १९३३ मध्ये 'सैरंध्री' केला. व्ही. शांताराम तो रंगीत छपाईसाठी जर्मनीला घेऊन गेले. तोही दोन रंगांचाच खटाटोप होता. रंग मनासारखे उतरले नाहीत, भडक झाले. पहिला यशस्वी भारतीय रंगपट म्हणून मान मिळाला तो १९३७ च्या 'किसान कन्या'ला, अर्देशीर इराणी यांच्या इम्पीरियल कंपनीच्या. मराठी माणसांच्या बोलण्यात 'सैरंध्री'चा उल्लेख येतो तो एक फसलेला प्रयोग म्हणून, आणि एका वाक्यात संपतो.

'सैरंध्री'चे ते रंग घरी आणून पाहावे अशी तबकडी आपल्याकडे नाही. पुण्यात २००३ च्या जानेवारीत नायट्रेट फिल्मांच्या साठ्याला आग लागून जे गेले ते तर परत येणारच नाही. तरी क्षणभर कल्पना करू या, की कुठल्या परदेशी गोदामातून उद्या 'सैरंध्री'चे एखादे रंगीत रीळ निघाले. आपण त्याचे काय करू?

मला भीती वाटते की आपण ते सुंदर करू. आपला अलीकडचा अनुभव तसा आहे. 'मुघल-ए-आझम' २००४ मध्ये आणि 'नया दौर' २००७ मध्ये संगणकाने रंगवून पुन्हा दाखवले गेले, लोकांनी आवडीने पाहिले. जे कृष्णधवल होते ते रंगीत झाले म्हणजे सुधारले, हा समज आपल्यात मुरला आहे. 'सैरंध्री'चे भडक रंग आपण सौम्य करू, द्रौपदीच्या साडीला हवी ती छटा देऊ, आणि अभिमानाने म्हणू की पाहा, नव्वद वर्षांपूर्वी आपल्याकडे किती छान रंग होते. त्या क्षणी शांतारामांची निराशा खोटी ठरेल. कोल्हापुरातून उभी राहिलेली एक कंपनी आपला चित्रपट घेऊन जर्मनीपर्यंत जाते, प्रयोगशाळेत प्रतींकडे पाहते आणि हे आपल्याला हवे ते नव्हे हे ओळखते. या प्रसंगातले मोल त्या ओळखण्यात आहे. रंग गोड करून टाकले तर ओळखण्यासारखे काय राहील?

म्हणून ते रीळ सापडलेच, तर भडक रंग भडकच ठेवावेत. खोलीतले दिवे मालवावेत, टीव्हीचे रंग दुकानातल्यासारखे असतील तर ते मुळावर आणावेत, चित्र गुळगुळीत करण्याची सोय बंद करावी आणि पाहावे. एवढा जीर्णोद्धार प्रत्येकाच्या हातात आहे.

'ऱ्हॅप्सडी'चा तो भाग मी आता पुष्कळदा पाहिला आहे. पहिली काही मिनिटे डोळा निळा शोधत राहतो. मग तो शोध थांबतो, आणि चंदेरी पियानोवर हलकासा निळा येऊन बसतो. मुलाला मी एकदा शेजारी बसवून दाखवले. तो म्हणाला, "निळाच तर आहे." मी काही बोललो नाही.